बसवंतअप्पांचे बिनआगीचे लाडू

दसरा झाला की बसवंतअप्पा ऑफिसात टेबलाटेबलाशी जाऊन एकच प्रश्न विचारायचे. आवाज अगदी हळू, मान खाली, एखाद्याकडे उसनी छत्री मागावी तसा संकोच. "यंदा कढई न्हाई, असं कोनाचं घर हाय का?"

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर सणाला कढई चढवत नाहीत. तळण नाही, गोडधोड नाही. दिवाळीला शेजारीपाजारी आणि भाऊबंद झाकलेलं ताट आणून देतात, तेवढाच त्या घराचा फराळ. अप्पांना नेमकी तीच घरं हवी असत. कुणी सांगितलं की फक्त "बरं" म्हणायचे, लेकरं किती ते विचारायचे आणि पुन्हा आपल्या धुळीच्या खोलीत जायचे.

मला त्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा उस्मानाबादेतून वेगळा निघून लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि मला लातुरात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. माझे यजमान नांदेडला महसूल खात्यात कारकून होते. होळीच्या आसपास कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ते गेले. त्यांच्या जागी मला नोकरी मिळणार होती, पण नांदेडला जागा नव्हती. नव्या जिल्ह्यात मात्र जागा भरायचं चाललं होतं. तिकडे जाल का, असं साहेबांनी विचारलं. मी हो म्हणाले. नाही म्हणण्याइतकी ताकदच उरली नव्हती. सात वर्षांची छबी, चार वर्षांचा राजू आणि सासूबाई यांना घेऊन मी लातुरात दोन खोल्यांत येऊन राहिले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या अर्धापूरच्या. माहेरी केळीच्या बागा. त्या वर्षी पाण्यावाचून बागा उभ्या वाळल्या होत्या, आणि इकडे पोटचा पोरगा गेलेला. त्या दिवसभर भिंतीला टेकून बसायच्या आणि कुणी बोललं तरच बोलायच्या.

जिल्हा नवा, पण ऑफिस भाड्याच्या जुन्या इमारतीत होतं. उस्मानाबादेहून ट्रक भरभरून कागदपत्रं यायची. लाल फडक्यात बांधलेले बस्ते खोलीत छतापर्यंत रचलेले असत. त्यातलं उदगीरचं, निलंग्याचं, औशाचं आपलं, बाकीचं परत पाठवायचं. एकेक बस्ता सोडायचा, कागद चाळायचे, पुन्हा बांधायचा आणि वर चिठ्ठी लावायची. हे काम अप्पांकडे होतं, कारण निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचता येणारे ऑफिसात तेच एक होते. शाळेत त्यांचं शिक्षणच उर्दूतून झालेलं. मला त्यांच्या हाताखाली चिठ्ठ्या लिहायला बसवलं.

उंच, थोडे वाकलेले, कपाळावर भस्माचे पट्टे. दुपारपर्यंत घामानं ते पट्टे भुवयांत उतरलेले असत. तोंडाला पंचा बांधून ते बस्ते सोडत, तरी खोकत. औशाहून रोज एस.टी.नं यायचे. येताना पितळी फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी आणायचे, कारण ऑफिसातला रांजण दुपारीच कोरडा पडायचा. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. टँकर आला की अर्धं ऑफिस घरी पळायचं. त्या वर्षी सगळेच दमलेले होते, पण अप्पांचं दमणं जुनं होतं. मी पहिल्या दिवशी सहज म्हणाले, "अप्पा, दमलात का?" तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "दमलो म्हनायला बी दम लागतोय, बाई. चिठ्ठी लिव्हा."

ते गोड बोलणारे नव्हते. माझं अक्षर बिघडलं तर चिठ्ठी फाडून पुन्हा लिहायला लावायचे. साहेबांनी घाई केली की मुद्दाम आणखी हळू काम करायचे. "मानूस एकदाच मरतंय, कागूद मरत न्हाई," असं म्हणत एखादा फाटका कागद ते अर्धा अर्धा तास जुळवत बसायचे. मला वाटे, हा माणूस हट्टी आहे, दुसरं काही नाही.

मग एकदा उदगीरकडचे एक म्हातारे गृहस्थ आले. जमिनीच्या जुन्या कागदासाठी त्यांना उस्मानाबादेनं लातूरला आणि लातूरनं उस्मानाबादेला असं तीनदा फिरवलं होतं. चौथ्या खेपेला ते आमच्या दारात आले आणि उंबऱ्यावरच बसले. अप्पांनी त्यांना नाव, गाव, बापाचं नाव विचारलं आणि "परवा या" म्हणाले. दोन दिवस त्यांनी दुसरं काम केलं नाही. कितीतरी बस्ते सोडले आणि बांधले. शेवटी एका उर्दू कागदावर त्या माणसाच्या बापाचं नाव सापडलं. म्हातारे पाया पडायला वाकले तशी अप्पा मागं सरकले. "वाकू नका, चाचा. तुमाला उठवायला मला वाकावं लागंल, आन मला न्हाई जमत ते."

म्हातारे हसले. अप्पा हसले नाहीत. ते खरंच सांगत होते.

दसऱ्यानंतर त्यांनी मला तो प्रश्न विचारला, तेव्हा मी म्हणाले, "आमचंच घर आहे अप्पा." त्यांनी माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं नाही. बहुधा आधीच पाहिलं असावं. "लेकरं किती?" "दोन." "बरं." एवढं बोलून ते गेले. मला थोडा रागच आला. माझ्या घरचं दुःख हा माणूस मोजणीत का घेतोय, हे मला कळेना.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी ऑफिसातून घरी आले तर राजू कोपऱ्यात हुंदके देत होता आणि त्याच्या गालावर बोटं उठली होती. आत्याबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेल्या. छबीनं सांगितलं. घरमालकांकडे अनारसे चालले होते. राजू त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मला एक द्या, आमच्या घरी यंदा काहीच नाही. घरमालकीण देणारच होती. तेवढ्यात आत्याबाईंनी त्याला ओढत आणलं आणि मारलं. त्यांनी आजवर पोरांना बोटही लावलं नव्हतं.

"भीक मागून राहिला होता," आत्याबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "माझ्या पोराचं लेकरू लोकाच्या दारात."

नव्या गावात आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. झाकलेलं ताट आणून देणारे सगळे नांदेडला आणि अर्धापूरला. मी राजूला मांडीवर घेतलं आणि चपला काढायचं विसरून तशीच बसून राहिले. रडूही आलं नाही. नुसतं वाटलं, आता हे सगळं कुणीतरी दुसऱ्यानं करावं.

ऑफिसात मी यातलं एक अक्षर बोलले नाही. तरी दिवाळीच्या आधीच्या रविवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, अप्पा दारात उभे. खांद्याला कापडी पिशवी. औशाहून खास आलेले.

"माय हायत का घरात?" त्यांनी विचारलं आणि आत्याबाईंना बघून हात जोडले. मग अंगणातल्या लिंबाच्या सावलीत जाऊन पिशवी उघडली. मारी बिस्किटांचे पुडे, दुधाच्या पावडरीचा डबा, कोकोची पावडर, पिठीसाखर, भाजलेले शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचा कीस आणि डालड्याची एक लहान वाटी. ती वाटी त्यांनी उन्हात कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवली. "पातळ व्हतंय तवर," ते म्हणाले. "ह्या उन्हाचा तेवढाच उपेग."

आत्याबाई दारात आल्या. "काय करून राहिले तुम्ही?"

"काई न्हाई माय. लेकरासंगं बसू लालाव."

"आमच्या घरात यंदा गोड करायचं न्हाई."

"मी कुटं करू लालाव? चूल पेटली न्हाई, कढई चढली न्हाई. शास्त्र कढईला हाय, तोंडाला न्हाई."

"बिस्कुट बी भट्टीतच भाजतेत," आत्याबाई म्हणाल्या.

"भट्टी त्या बेकरीवाल्याची. दाने भाजले ते बी त्या भडभुंज्यानं. त्यांच्या घरी समदे जित्ते हायत. आपन आग लावली का? न्हाई."

आत्याबाईंनी त्यांच्या कपाळावरच्या भस्माकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्या लिंगायतांत तर सुतकच नसतंय म्हनतेत."

"पोथीत न्हाई माय," अप्पा म्हणाले. "गल्लीत हाय."

छबी आणि राजू एव्हाना त्यांच्याजवळ जाऊन उकिडवे बसले होते. अप्पांनी बिस्किटं फडक्यात बांधून राजूच्या हातात वरवंटा दिला. तो उचलताना राजूचं तोंड लाल झालं, पण त्यानं बिस्किटांचा पार भुगा केला. छबीनं शेंगदाण्यांची फोलपटं फुंकून उडवली. सगळं परातीत एकत्र केलं, वर कोको, वर पातळ झालेला डालडा. माझ्याकडे पावशेरभर दूध होतं, त्यातलं अर्धी वाटी मी आणून दिलं. अप्पा मांडी घालून बसले आणि लाडू वळायला लागले. त्यांच्या हातून लाडू वळेनात. कागद उलटून उलटून बोटं कोरडी पडलेली. एक वळला की दुसरा फुटायचा.

आत्याबाई दारातून बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. मग पदर खोचून पायऱ्या उतरल्या, परातीपाशी बसल्या आणि परात आपल्याकडे ओढून घेतली.

"आदी घोटून घ्यावं लागतंय. तळव्यानं. मग वळावं. लाडू वळून राहिलात, आन कोनी सांगितलं न्हाई का?"

"सांगनारी गेली, माय," अप्पा म्हणाले.

आत्याबाईंचा हात क्षणभर थांबला. पुन्हा चालू झाला. त्यांनी ते मिश्रण मळून मळून एकजीव केलं, आणि मग त्यांच्या हातातून एकसारखे काळे लाडू पडायला लागले. छबी ते खोबऱ्यात घोळवत होती. सात-आठ महिन्यांनी त्या बाईचे हात काहीतरी करत होते. मी दारात उभी राहून बघत राहिले. पुढे जावं असं वाटत होतं, पण माझ्या जाण्यानं ते थांबेल अशी भीती वाटली.

लाडू तसे साधेच झाले होते. टाळूला चिकटायचे. राजूनं वरचं खोबरं चाटून घेतलं आणि उरलेला लाडू मुठीत धरून बसला. छबीनं दोन खाल्ले. आत्याबाईंनी एकही तोंडात घातला नाही. पण राजूची मूठ उघडून त्यांनी तो चिरडलेला लाडू काढला, पुन्हा नीट वळला आणि त्याच्या तोंडात घातला. मग अप्पांना विचारलं, "पानी घेता का?" त्या दिवसांत पाणी विचारणं ही साधी गोष्ट नव्हती.

"अर्धाच गिलास द्या," अप्पा म्हणाले.

ऊन कलल्यावर मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. चालताना ते दोन-तीनदा थांबले. मी विचारलं, "अप्पा, हे कुठं शिकलात?"

त्यांनी सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात ते औशाजवळ रस्त्याच्या कामावर हजेरी घ्यायचे. उन्हाळ्यात पटकी आली आणि त्यांची बायको दोन दिवसांत गेली. थोरली गिरिजा आठ वर्षांची, धाकटी नीला पाचाची. दिवाळी आली. त्या वर्षी ताट झाकून आणणार कोण? सगळं गाव खडी फोडत होतं. जो तो बेजार. नीलानं विचारलं, अप्पा, आपली दिवाळी कवा? कामावर लेकरांसाठी दुधाची पावडर यायची, ती घरात थोडी होती. बिस्किटाचा एक पुडा होता, गूळ होता. चूल पेटवून गोड करायला त्यांची चुलती नको म्हणाली. मग त्यांनी सगळं कुस्करलं आणि गोळे केले. "कोको लई मागनं आला. एका साहेबाच्या बाईनं सांगितलं, हे घाला, लेकरास्नी आवडतंय. तवापासून घालतो. पोरी अजून मागत्यात. थोरली सासरी गेली नांदेडला, तरी दिवाळीला येती आन म्हनती, अप्पा, आदी लाडू. धाकटी तर हायच घरी."

"इतके आवडतात त्यांना?"

"मग काय. लेकरं खोटं बोलतेत का? मला वाटलं, माज्या पोरीला येवढे आवडले, तर दुसऱ्याच्या लेकरास्नी बी आवडतेल." एवढं बोलून ते खोकले, आणि गाडी लागली म्हणून लगबगीनं चढले.

त्या दिवाळीनंतर आत्याबाई भिंतीपासून उठल्या असं मी म्हणणार नाही. पुढेही कित्येक महिने त्या तिथंच बसायच्या. पण राजू जवळ गेला की त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या, आणि अप्पा कसे आहेत ते मला अधूनमधून विचारायच्या. पुढच्या वर्षी आमच्या घरी कढई चढली. अप्पा आले नाहीत. त्यांना तेव्हा दुसरी घरं होती.

त्यांपैकी एका घरी मी त्यांच्याबरोबर गेले होते. तोवर मी पिशवी भरायला मदत करायला लागले होते. बिस्किटं मी आणायची, कोको गंजगोलाईच्या बाजारातून ते आणायचे. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं, अमक्या गल्लीत एका घरी यंदा कढई नाही. आम्ही गेलो. तिशीच्या आतली बाई दारात आली. घर अगदी शांत. अप्पांनी पिशवी खाली ठेवली आणि नेहमीसारखं विचारलं, "लेकरं कुटं हायत?"

तिनं फक्त पिशवीकडे पाहिलं. तिच्या मागून तिचा नवरा आला आणि हळू आवाजात म्हणाला, "एकच व्हतं. तेच गेलं."

अप्पा तिथंच उभे राहिले. त्यांनी त्या बाईला हात जोडले, पिशवी उचलली आणि आम्ही परत निघालो. कोपऱ्यावर आल्यावर ते एका ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही.

"कोन गेलं ते मी इचारलं न्हाई," ते म्हणाले. "इतक्या वर्सांत कवा इचारलंच न्हाई. मला वाटायचं, लेकरं मागं ऱ्हातेत. कायम लेकरंच मागं ऱ्हातेत."

त्या वर्षी आणखी दोन घरी जायचं होतं. ते गेले नाहीत. पिशवी महिनाभर रेकॉर्डच्या खोलीत खुंटीला तशीच लटकत होती. बिस्किटांना मुंग्या लागल्या तेव्हा मी ती रिकामी केली. मला वाटलं, संपलं आता. पण पुढच्या दसऱ्यानंतर ते पुन्हा टेबलाटेबलाशी हिंडले. आवाज आणखी हळू झाला होता आणि प्रश्न दोन झाले होते. "यंदा कढई न्हाई, असं घर हाय का?" आणि मग, थोडं थांबून, "कोन गेलं?"

पाऊस पुढे एखाद-दुसऱ्या वर्षी बरा झाला, पुन्हा दगा दिला. बस्त्यांचं काम संपता संपेना. शेवटचा ट्रक आला आणि शेवटचा बस्ता बांधला गेला, त्यानंतर चार महिन्यांनी अप्पा निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी त्यांच्या उर्दूची तारीफ केली. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "कागूद लागले तर नंबरवार लावून ठिवलेत. लोक हैराण व्हनार न्हाईत." आणि बसले. मला वाटलं होतं, माझ्याशी वेगळं काही बोलतील. जाताना म्हणाले, "अक्षर सुदारलं तुमचं." सहा वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं आणि शेवटचं कौतुक.

नीलाचंही लग्न झाल्यावर ते नांदेडला गिरिजाकडे राहायला गेले. खोकला वाढला होता. डॉक्टर म्हणाले, छातीत धूळ बसलीय. एकदा नांदेडला जाणं झालं तेव्हा मी भेटून आले. खाटेवर पडून होते. गिरिजा आत चहा करत होती. मी विचारलं, आता आराम पडतोय का. म्हणाले, "पडून पडून बी दमायला व्हतंय. सासूबाईला सांगा, आता मला वळायला जमाया लागलं व्हतं." मी घरी आल्यावर आत्याबाईंना सांगितलं. त्या हसल्या. मग पदर डोळ्यांना लावला.

श्रावणात गिरिजाचं पत्र आलं. अप्पा गेले. औशाला त्यांच्या शेतात समाधी दिली. मला वेळेवर कळलं नाही, जाता आलं नाही.

दसरा झाला. ऑफिसात कुणी टेबलाशी आलं नाही. मला आठवलं, यंदा कढई नसलेलं घर कोणतं आहे ते. मी बिस्किटं, पावडर, कोको, सगळं घेतलं आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळच्या गाडीनं नांदेडला गेले. यजमान गेल्यानंतर त्या गावात मी नेहमी गाडी रिकामी झाल्यावरच उतरत असे. त्या दिवशीही तशीच उतरले.

नीलाही तिथंच आली होती. दोघींची लेकरं गच्चीवर खेळत होती. मी पिशवी पुढे केली आणि म्हणाले, "अप्पा सगळ्यांकडे घेऊन जायचे. तुमच्याकडे कुणीतरी आणायला हवं होतं."

गिरिजानं पिशवीत डोकावून पाहिलं. कोकोचा डबा बाहेर काढला, हातात फिरवला. मग नीलाकडे बघितलं. दोघींच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, हसू म्हणावं असं, पण हसू नव्हे.

"बाई, एक सांगू का?" गिरिजा म्हणाली. "रागवायचं नाही. आम्हाला हे लाडू कधीच आवडले नाहीत."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"पहिल्या वर्षी तर गुळाचे खडे दातात यायचे," नीला म्हणाली. "पावडरीला कसला तरी वास. मी बाहेर जाऊन थुंकले होते."

"पण अप्पा तर म्हणायचे, तुम्ही दरवर्षी मागता. लग्न झाल्यावरसुद्धा मागता."

"मागायचोच की."

"मग का?"

गिरिजानं डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. "आई गेली त्याच्यानंतर अप्पा कधी बसलेत असं आम्ही बघितलंच नाही. सकाळी चूल, पाणी, आमच्या वेण्या. मग कामावर. आल्यावर पुन्हा चूल, धुणं, भांडी. जेवायचे ते पण उकिडवं बसून, कधी उठावं लागंल म्हणून. लाडू वळायला मात्र मांडी घालून बसावं लागायचं. दुपारभर. मी एका गुडघ्याला टेकायची, ही एका गुडघ्याला. कुठं जायचे नाहीत ते. आई गेल्याचं पहिल्यांदा त्याच वेळी बोलले आमच्याशी. मग पुढच्या वर्षी दिवाळी आली तेव्हा हीच म्हणाली, अप्पा, तसले लाडू करा ना."

"मी पाच-सहा वर्षांची होते," नीला म्हणाली, "पण मला कळत होतं."

या दोन पोरींच्या एका खोट्यावर तो माणूस दहा-बारा वर्षं उन्हातान्हात पिशवी घेऊन दुसऱ्यांच्या दारात गेला होता. माझ्याही दारात आला होता. हे अप्पांना कधी सांगितलं का, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळत होतं की सांगितलं नाही.

"आणलंय तर करू," गिरिजा म्हणाली. तिनं आतून परात आणली आणि खोलीच्या मध्यभागी ठेवली. दोघी बहिणी खाली बसल्या, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला, आणि मध्ये एका माणसाची जागा सुटली. दोघींनी ती एकदमच पाहिली. नीलानं मान फिरवली. गिरिजानं तिथली फरशी पदरानं पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बसा ना बाई. केव्हापासून उभ्याच आहात."

मी मांडी घालून बसले.